गॅदरिंगमधलं विमान

आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन डिसेंबरात व्हायचं. लेझीम, कोळीनृत्य, नाट्यछटा सगळं असायचं, पण मला आधी आठवतं ते पुठ्ठ्याचं विमान. शाळा चिंचवडची. वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील टेल्कोत, त्यामुळे जेआरडी टाटा हे नाव घरोघरी होतं, पण कंपनीचे सर्वांत मोठे साहेब म्हणून. विज्ञानाच्या बाईंना तेवढं पुरेसं वाटत नसे. त्यांच्या नाटुकल्यात कारखाना यायचाच नाही. यायचा तो वैमानिक, ज्याला १९२९ साली भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला.

प्रसंग १५ ऑक्टोबर १९३२ चा. कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन जेआरडी छोट्याशा पस मॉथ विमानातून निघतात, वाटेत अहमदाबादला उतरतात आणि दुपारी जुहूला पोचतात. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट टपाल पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेतात. पुढे एअर इंडिया झालेल्या कंपनीची ही सुरुवात! अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले होते, म्हणून पहिली-दुसरीतली मुलं बैल व्हायची. शिंगं लावून ती ऐटीत रंगमंचावर आली की पालकांच्या टाळ्या थांबत नसत. जुहूला जमलेली गर्दी म्हणजे उरलेला सगळा वर्ग.

मला मात्र मधला प्रवेश सर्वांत आवडायचा. १९३० साली इंग्लंड-भारत अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी बक्षीस लावलं होतं. जेआरडी कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर हा तरुण इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली, तेव्हा अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याजवळचा जादा प्लग त्याला दिला. बक्षीस अस्पीने जिंकलं, आणि पुढे तो भारतीय हवाई दलाचा प्रमुखही झाला. बाई तालमीत सांगायच्या, "प्लग देताना विचारात पडायचं नाही. पटकन दे." हरणाऱ्याची भूमिका मिळावी म्हणून मुलं भांडतात, हे मी फक्त तिथेच पाहिलं.

१९९३ च्या २९ नोव्हेंबरला जेआरडी जिनिव्हात गेले. गॅदरिंग तोंडावर आलेलं. नाटुकलं यंदा करावं की नाही, अशी कुजबुज सुरू झाली. बाईंनी ते केलंच, वर शेवटी एक प्रवेश वाढवला: १९८२ चा. पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून ७८ वर्षांचे जेआरडी पुन्हा त्याच मार्गाने, स्वतः विमान चालवत कराचीहून मुंबईला आले होते. या प्रवेशासाठी बाईंनी दहावीतली एक मुलगी निवडली, केसांना पावडर लावून. आमच्याकडे जेआरडी पहिल्यांदाच मुलीने केले, आणि माझ्या मते इतके चांगले ते आधी कुणीच केले नव्हते.