जवानाचे समन्स गावाच्या पत्त्यावर पाठवू नका

मी बुलढाणा जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयात वकिली करते. आमच्या भागातील पुष्कळ मुले सैन्यात आहेत, त्यामुळे पोटगीच्या आणि घटस्फोटाच्या कामांत नवरा फौजेत असणे नवे नाही. ही कामे बहुधा एकाच जागी अडतात, ती म्हणजे समन्सची बजावणी, म्हणजे न्यायालयाचे बोलावणे नवऱ्याच्या हातात पोचवणे.

मागच्या सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत एक पक्षकार माझ्याकडे आली. तिच्या घटस्फोटाच्या अर्जात आधीच्या वकिलांनी नवऱ्याचा पत्ता म्हणून सासरचे गाव लिहिले होते. समन्स पोचवणारा न्यायालयाचा बेलिफ दोनदा जाऊन आला आणि दोन्ही वेळा 'इसम सैन्यात नोकरीस, ठिकाण घरच्यांना माहीत नाही' असा अहवाल लागला. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खालील अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असे कायदा म्हणतो, पण ते दिवस मोजायचे नोटीस बजावल्यापासून, म्हणजे हिच्या बाबतीत मोजणी सुरूच झालेली नव्हती.

मी तिला नवऱ्याच्या हातचा कोणताही जुना कागद शोधायला सांगितले. पुढच्या खेपेस तिने पिशवीतून घडी पडलेले एक पाकीट काढले. पाठवणाऱ्याच्या जागी नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि खाली 'द्वारा ५६ एपीओ' (एपीओ म्हणजे सैन्याचे टपाल कार्यालय) एवढेच होते. "याच्यावर गावाचं नावच नाही. हा पत्ता चालन काय, ताई?" तिने विचारले. तोच पत्ता चालतो.

प्रतिवादी सैनिक असेल तर न्यायालयाने समन्स त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे पाठवावे, सोबत सैनिकाला ठेवण्यासाठी एक प्रत द्यावी, असे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ५, नियम २८ सांगतो. त्या अधिकाऱ्याने शक्य असल्यास समन्स बजावून सैनिकाच्या लेखी पोचेसह आपल्या सहीने परत करायचे असते, आणि बजावणे शक्य नसेल तर कारण व केलेले प्रयत्न कळवायचे असतात. फौजदारी बाजूच्या पोटगी अर्जातही सरकारी नोकराचे समन्स सर्वसाधारणपणे कार्यालयप्रमुखामार्फतच जाते.

घराच्या दाराला समन्स चिकटवून एकतर्फी आदेश मिळवण्याचा मोह मला घातक वाटतो. सीमेवर असलेल्या माणसाला न ऐकता झालेला आदेश तो सुटीवर आल्यावर रद्द करून मागतो, आणि बाईचे वर्ष वाया जाते. सैनिकाच्या बाजूनेही कायदा उभा आहे, आणि ते मला योग्यच वाटते. युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत सेवेत असलेल्याचा दिवाणी दावा १९२५ च्या सैनिक खटला कायद्याखाली लांबणीवर टाकता येतो, रजा मिळत नसेल तर आदेश २८ प्रमाणे तो दुसऱ्या कोणाला लेखी अधिकार देऊ शकतो, आणि रजेवर असेल तर सेना अधिनियम, १९५० च्या कलम ३२ खाली त्या काळात सुनावणी मागता येते. पगारावर दिवाणी न्यायालयाची जप्ती येत नाही, मात्र बायकोमुलांच्या पोटगीसाठी पगारातून कपात करण्याची तरतूद त्याच अधिनियमात आहे. म्हणून पत्ता बरोबर असणे दोघांच्याही हिताचे आहे.

आम्ही पत्ता दुरुस्तीचा अर्ज दिला, समन्स पाठवण्याची प्रोसेस फी पुन्हा भरली, आणि समन्स पलटणीच्या पत्त्यावर गेले. काही आठवड्यांनी पोच आली. खाली नवऱ्याची सही व तारीख, शेजारी अधिकाऱ्याची सही आणि गोल शिक्का होता. पुढच्या तारखेला नवऱ्याचे लेखी अधिकारपत्र घेऊन त्याचे वडील न्यायालयात उभे राहिले.