जुनी स्प्लेंडर घेतलीत? आधी मापावर आणा, मग सजवा

हीरो आणि होंडा वेगळे होणार हे २०१० च्या डिसेंबरात ठरलं. म्हणजे टाकीवर ‘हीरो होंडा’ लिहिलेली स्प्लेंडर आज हाती येते तेव्हा तिची पंधरा वर्षं भरलेली असतात किंवा भरत आलेली असतात. त्यामुळे पैसे मोजण्याआधी आरसी कधीपर्यंत वैध आहे ते बघा. मुदत संपली असेल तर पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कराचा खर्च किमतीत धरा. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर विक्रेत्याच्या सह्या त्याच दिवशी घ्या, आणि गाडीवर कर्ज होतं असं दिसलं तर बोजा उतरवायचा, बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ सुद्धा.

नवीन सीट, एलईडी, स्टिकर यांना थोडं थांबवा. ९७.२ सीसीचं हे इंजिन मूळ मापावर आलं की एवढी गोड चालतं की निम्म्या ‘सुधारणा’ नकोशा होतात.

पहिलं काम ऑइलचं, मागचा मालक ‘कालच बदललंय’ म्हणाला तरी. इंजिन कोमट करून खालचा बोल्ट काढा आणि वॉशर नवा टाका. भरायचं ऑइल १०डब्ल्यू-३०, डब्यावर ‘जासो एमए’ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीचं मानक) लिहिलेलं. या गाडीचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारचं ऑइल ओतलं की तो चढावर घसरायला लागतो. नेहमीच्या बदलाला ९०० मिली पुरतं.

पण एवढ्यावर थांबू नका. या इंजिनात कागदी फिल्टर नाही. उजव्या बाजूचं क्लच कव्हर उघडलं की क्रँकवर एक गोल रोटर दिसतो. तो गरगर फिरतो आणि ऑइलमधली घाण त्याच्या आतल्या भिंतीवर चिकटते. नेहमीच्या सर्व्हिसला तो कुणी उघडत नाही, म्हणून जुन्या गाडीत तिथे काळ्या पुट्टीसारखा घट्ट थर सापडतो. तो लाकडी काडीने खरवडा, रॉकेलने धुवा, खालची जाळी काढून तीही धुवा. थरात पितळी किंवा चंदेरी चमक दिसली तर आत काहीतरी झिजतंय, आणि मग इंजिनाचं काम धरूनच हिशेब करा. कव्हरचं पॅकिंग नवंच लावा. जुनं खरवडताना स्क्रू ड्रायव्हर वापरला तर ॲल्युमिनियमवर चरा पडतो आणि तिथून ऑइल कायमचं पाझरतं. पातळी बघताना गाडी मधल्या स्टँडवर उभी करा आणि ऑइल मोजायची काडी (डिपस्टिक) न आवळता नुसती टेकवा.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट, पूर्ण थंड इंजिनावरच जुळवा. मॅग्नेटवरची (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या चाकावरची) ‘टी’ खूण कव्हरच्या खाचेसमोर आणा. दोन्ही रॉकर किंचित हलले पाहिजेत. घट्ट लागले तर मॅग्नेटला आणखी एक पूर्ण फेरा द्या. फट मॉडेलप्रमाणे ०.०५ ते ०.०८ मि.मी., फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावूनच. टिकटिक बंद करायला टॅपेट आवळून देणारे बरेच आहेत. त्याने आवाज जातो, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, गरम गाडी किकला दाद देत नाही आणि शेवटी व्हॉल्व्हच जळतो. हलकी टिकटिक असू द्या.

धूर नीट बघा. सकाळी पहिल्या किकला निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्हची ऑइल सील गेलेली आहेत, काम स्वस्त. रेस केल्यावर सतत निळा येत असेल तर रिंगा किंवा बोअर.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर फुगवतं किंवा तडकवतं. पेट्रोलची नळी, कॉकचं वॉशर, कार्ब्युरेटरची ओ-रिंग एकदम बदला. खर्च किरकोळ आहे. टाकीत टॉर्च मारून गंज बघा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा.

ब्रेक दोन्हीकडे ड्रम, पुढे १३० आणि मागे ११० मि.मी. लायनर जाड दिसला तरी पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला असेल तर पकड नसते. पॉलिश पेपरने घासा किंवा बदला. लायनर बाहेर ढकलणारा कॅम काढून त्याला ग्रीसचा नुसता हात फिरवा, जास्त लावलं तर लायनरवर उडतं. चेन बंद कव्हरमध्ये असल्याने तिची कुणी विचारपूस करत नाही. मागच्या स्प्रॉकेटचे दात हुकासारखे वाकले असतील तर पूर्ण चेनसेट घ्या, आणि त्याच वेळी हबमधली रबरं पण बदला, नाहीतर गिअर टाकताना धक्के बसतच राहतील. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: ३२१६ म्हणजे २०१६ चा ३२ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी इतकं जुनं, कडक झालेलं रबर पावसात घसरतं.

आता दिवा. जुन्या किकवाल्या स्प्लेंडरचा हेडलाइट बॅटरीवर नाही, मॅग्नेटच्या कॉइलमधून येणाऱ्या एसी करंटवर चालतो. साधा एलईडी लावला तर लुकलुकतो. मग गॅरेजवाला तो बॅटरीवर जोडून देतो, आणि २.५ एएचची बॅटरी रोजच्या रात्रीच्या प्रवासात झोपते. ६०/५५ वॅटचा हॅलोजन तर नकोच: मूळ बल्ब ३५/३५ चा, कॉइलला तेवढा दम नाही आणि होल्डर वितळतो. खरी सुधारणा म्हणजे कॉइलची अर्थिंग वेगळी काढून फुल-वेव्ह रेक्टिफायर (एसीचा पूर्ण करंट डीसी करणारा भाग) बसवणं, त्यानंतरच एलईडी. त्याआधी चेसिसची अर्थ वायर घासून घट्ट करा आणि हिरवे पडलेले कनेक्टर बदला. बऱ्याचदा तेवढ्यानेच मूळ बल्ब उजळतो.

मागे मूळ टायरपेक्षा थोडा रुंद, ३.००-१८ टायर चालतो, पकड वाढते. स्पोकच्या रिमला मात्र ट्यूब हवीच.

एवढं झाल्यावर ५०० किलोमीटर चालवा आणि ऑइल पुन्हा बदला, कारण आतली सुटलेली घाण आता त्यात आलेली असते. चेनचा ताण आणि स्पोक तपासा, प्लग काढून रंग बघा. तपकिरी असेल तर कार्ब्युरेटरला हात लावू नका. पांढरा असेल तर आधी इनटेकच्या जोडातून हवा शिरते का ते शोधा, कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) नंतर.