उजवीकडे दिसणारा डावा डूल: ओपीजी काढतानाचा माझा अनुभव

ओपीजी म्हणजे दोन्ही जबडे आणि सगळे दात एकाच फोटोत दाखवणारा एक्स-रे. त्याचं मशीन डोक्याभोवती फिरायला 12 ते 20 सेकंद घेतं. माझा खरा वेळ जातो तो त्याआधी, पेशंटच्या अंगावरचा धातू उतरवण्यात. ‘कानातलं काढा’ एवढं सांगून भागत नाही. मी वरून खाली, ठरलेल्या क्रमानेच विचारत जाते: केसांतल्या पिना आणि क्लिपा, चष्मा, श्रवणयंत्र, कानाच्या पाळीतलं आणि वरच्या कडेतलंही, नाकातली चमकी, जीभ टोचलेली असेल तर तिथला खडा, काढता येणारी कवळी, शेवटी गळ्यातलं. अंबाड्यात खोचलेली पिन समोरून दिसत नाही, म्हणून मागे जाऊन बघते. मास्क हनुवटीखाली ओढून ठेवणारे बरेच असतात. त्याच्या नाकपट्टीतली तार नेमकी खालच्या जबड्यावर येते.

डाव्या कानात डूल राहिला, तर तो ओपीजीत दोनदा उमटतो. डावा जबडा टिपला जात असताना डूल सेन्सरच्या, म्हणजे किरण टिपणाऱ्या भागाच्या, बाजूला असतो, तेव्हा त्याची खरी, रेखीव सावली डाव्या बाजूलाच पडते. मग किरण सोडणारी ट्यूब डोक्यामागून डावीकडे येते आणि उजवा जबडा टिपायला लागते. आता तोच डूल ट्यूबच्या अगदी वाटेत असतो. त्याची दुसरी सावली उजवीकडे पडते, आणि किरण किंचित खालून वर जात असल्यामुळे ती खऱ्या सावलीपेक्षा वर चढते. हिलाच घोस्ट इमेज म्हणतात: मोठी, फिसकटलेली, पण तोंड त्याच दिशेला.

रिंग असेल तर डावीकडे कानाखाली स्वच्छ गोल दिसतो, आणि उजवीकडे वरच्या दाढांच्या मुळांवर, गालामागच्या सायनसच्या पोकळीत, फुगलेलं पांढुरकं कडं. सायनसमध्ये असं काही दिसलं की मी आधी पलीकडच्या बाजूला, थोडं खाली त्याचा जोडीदार शोधते. जोडीदार सापडला, तर तो आजार नाही, दागिना आहे.

किरण अडवणारा शिशाचा लेड एप्रनही धातूच. मानेमागे तो वर सरकला की मधोमध, खालच्या पुढच्या दातांवर पांढरा सुळका येतो. म्हणून ओपीजीला मी गळ्याभोवतीची थायरॉइड कॉलर लावत नाही आणि एप्रन मानेमागे खाली ओढून बसवते. त्यानंतर दातांत धरायच्या ठोकळ्याच्या खाचेत पुढचे दात, मान सरळ, ओठ मिटलेले, जीभ टाळूला चिकटलेली.

कॅप, चांदीचं फिलिंग, ब्रेसेस, इम्प्लांट यांतलं काहीच काढायचं नसतं. एक्स-रेमुळे धातू खेचला जाईल किंवा तापेल, अशी भीती बरेच जण बोलून दाखवतात. ती एमआरआयची गोष्ट, इथे प्रश्न फक्त सावलीचा.

सीबीसीटीत, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनमध्ये, मात्र हेच धातू जास्त छळतात. धातू कमी ऊर्जेचे किरण शोषून घेतो, उरलेला झोत ‘कडक’, म्हणजे जास्त ऊर्जेच्या किरणांचा, होतो आणि संगणकाचं गणित चुकतं. मग दोन इम्प्लांटच्या मध्ये काळा पट्टा आणि भोवती पांढऱ्या रेघा येतात. कॅपखालचा असा काळा पट्टा कीड किंवा मुळाची चीर म्हणून वाचला जातो, ही सगळ्यात महागडी चूक. अणुक्रमांक जितका मोठा तितका त्रास जास्त: टायटॅनियम 22, सोनं 79, चांदीच्या फिलिंगमधला पारा 80. झिरकोनियाची कॅप दिसायला पांढरी असली, तरी झिरकोनियम 40 वर आहे, त्यामुळे ती टायटॅनियमपेक्षा जास्त रेघा पाडते.

या रेघा साधारण आडव्याच पसरतात. त्यामुळे दातांमध्ये कापसाचा रोल ठेवून जबडे वेगळे केले, तर वरच्या कॅपच्या रेघा खालच्या दातांवर येत नाहीत. स्कॅन करायचा भाग, म्हणजे फील्डही, गरजेपुरतंच लहान ठेवते. आर्टिफॅक्ट, म्हणजे अशा खोट्या रेघा-पट्टे, कमी करणारं सॉफ्टवेअर वापरलं, तरी चीर शोधायची असेल तेव्हा मूळ इमेज शेजारी उघडी ठेवते, कारण रेघांबरोबर बारीक चीरही पुसली जाऊ शकते.

एवढं करूनही ओपीजीत डूल निसटलाच, तर लगेच पुन्हा एक्सपोजर देत नाही. ज्या दातासाठी ओपीजी मागितला आहे तो झाकला गेला आहे का, ते आधी बघते. झाकला नसेल, तर रिपोर्टमध्ये ‘दागिन्याची घोस्ट इमेज’ अशी नोंद करते. झाकला असेल आणि प्रश्न त्या एकाच दाताचा असेल, तर डॉक्टरांना विचारून तेवढ्याचा आयओपीए, म्हणजे तोंडात सेन्सर ठेवून काढायचा छोटा एक्स-रे, काढते.