मशीनने आकडा दिला नाही म्हणून कोणी सुटत नाही

वर्धा रोडवर नाकाबंदी असली की रात्री आमच्या कॅज्युअल्टीत पोलिसांचं हे ठरलेलं: “मॅडम, दारू तपासायची फुंकणी मशीन आकडाच नाही देऊन राहिली. पण वास किती येऊन राहिला पाहा ना! लिहून द्या, दारू पिऊन आहे म्हणून.” कोणी अर्धवट फुंकलेलं असतं, कोणी फुंकायलाच नाही म्हटलेलं असतं. सोबतच्या मित्रांना तर वाटतं, सुटलाच आपला गडी.

मी नागपुरात कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर आहे आणि अशा केसेसमध्ये कोर्टात साक्षीला उभी राहते. मोटार वाहन कायद्याचं कलम 185 दारूच्या बाबतीत आकडा मागतं: 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल, तेही तपासणीत सापडलेलं. माझ्या नाकाला आलेला वास म्हणजे तपासणी नव्हे. वास, झोकांडणारी चाल, अडखळतं बोलणं, विस्फारलेल्या बाहुल्या, एवढ्यावरून दारू प्यायल्याचं ठरवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने बचूभाई करयानी प्रकरणात 1971 मध्येच सांगून ठेवलंय.

म्हणून मी रक्तासाठी अडून बसते. कलम 202 नुसार अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर आरोपीला कोठडीतून सोडावं लागतं. शिवाय रक्तातलं अल्कोहोल ताशी साधारण 15 मिलिग्रॅमने उतरत असतं. अपघाताच्या वेळी 70 असलेला माणूस तीन तासांनी 25 वर येतो. रस्त्यावर कोणाचा तरी पोरगा मरून पडलेला असतो आणि इकडे पंचनामा, फोन, ओळखीपाळखी यात हे तीन तास जातात, तेव्हा माझा जीव तुटतो.

इंटर्नना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: सुई टोचायच्या आधी स्पिरिटचा बोळा लावायचा नाही. बचाव पक्षाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो, “डॉक्टर, कापूस कशात बुडवला होता?” मग रक्त टिकवणारी फ्लोराइडची ट्यूब, सील, सही आणि घड्याळातली वेळ. नमुना धंतोलीच्या न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेत जातो आणि खटला त्या रिपोर्टवर चालतो.

नकार देणाऱ्यांनी कलम 205 वाचावं. सबळ कारण नसताना फुंकायला किंवा रक्त द्यायला नकार दिला, तर तो नकार सरकारी पक्षाच्या पुराव्याला बळ देणारा धरता येतो. नुसत्या नकारावर शिक्षा होत नाही, पण तो कोऱ्या कागदासारखाही राहत नाही. आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 खाली बेदरकार गाडी चालवल्याचा गुन्हा लागायला तर दारू लागतच नाही.

विम्याचं गणित आणखी वेगळं आहे. दिल्लीत 2007 मध्ये एक पोर्शे धडकून जळाली. ब्रेथ टेस्ट नाही, रक्ताचा रिपोर्ट नाही, फक्त एमएलसीत, म्हणजे पोलिस केससाठीच्या वैद्यकीय नोंदीत, डॉक्टरने नोंदवलेला दारूचा वास. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो वास आणि अपघाताची एकंदर परिस्थिती पुरेशी धरली आणि विमा कंपनीने गाडीमालक कंपनीचा दावा नाकारणं योग्य ठरवलं.