सॅमीज रुमेनियन: एका तळघराची गोष्ट

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात, क्रिस्टी स्ट्रीटवरच्या एका बुटक्या तळघरात १९७५ पासून चाललेल्या 'सॅमीज रुमेनियन स्टेकहाउस' या खाणावळीचा इतिहास मला त्याच्या टेबलावरच्या काचेच्या बरणीत दिसतो. तिच्यात श्माल्त्स, म्हणजे कोंबडीची कढवलेली चरबी असे. वरणभातावर तूप वाढावे तशी ती कलेजीच्या खिम्यावर सढळ हाताने ओतून वाढपी गिऱ्हाइकासमोरच तो खिमा कांद्यासह कालवत असे. लसूण माखलेला स्टेक, म्हणजे भाजलेल्या मांसाचा मोठा तुकडा, ताटाबाहेर लोंबत असे, आणि व्होडकाची बाटली बर्फाच्या ठोकळ्यात गोठवलेली येई. चव पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या घरची, पण स्वयंपाकघर कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे आहारनियम पाळणारे, नव्हे. मला तर ही विसंगतीच फार गोड वाटते. महासाथीत, जानेवारी २०२१ मध्ये, ते तळघर बंद झाले आणि २०२४ मध्ये स्टँटन स्ट्रीटवर पुन्हा चूल पेटली.