आमच्या घरात आमच्याआधी कोण राहिलं?

लेस्टरमधलं आमचं घर 1890च्या दशकातलं आहे. लाल विटांच्या, भिंतीला भिंत लागून उभ्या असलेल्या घरांच्या ओळीतलं एक. दार थेट फुटपाथवर उघडतं. मागे चिंचोळं अंगण आणि त्याच्या टोकाला पूर्वीचा संडास, जिथे आता सायकली ठेवतो. इंग्लंडमध्ये अशी घरं इतकी आहेत की त्यांचं कुणाला अप्रूप नाही. मला आहे, म्हणून मी जुन्या मालकांचा शोध घ्यायला बसले.

सुरुवात लँड रजिस्ट्रीपासून केली. आपल्याकडच्या प्रॉपर्टी कार्डासारखाच उतारा मिळतो. थोडे पौंड भरले की कुणाच्याही नोंदणीकृत घराचा मालक कोण ते घरबसल्या कळतं. 1995पासूनच्या विक्रीच्या किमती तर फुकट बघता येतात. पण हा उतारा आजच्या मालकाचा, मागच्यांचा नाही. नोंदणीची सक्ती इथे टप्प्याटप्प्याने आली आणि ती इंग्लंड-वेल्सभर पोचायला 1 डिसेंबर 1990 उजाडला. त्याआधीचा इतिहास खरेदीखतांच्या गठ्ठ्यांत. 1925च्या कायद्याने मालकी दाखवायला तीस वर्षांचे दस्त पुरेसे केले, 1969मध्ये ती मुदत पंधरा वर्षांवर आली. मग वकिलांच्या कपाटांतले जुने कागद बाहेर पडले, कित्येक फेकले गेले, काही चर्मपत्रांच्या तर दिव्यांच्या शेड झाल्या. वाचून फार हळहळले.

आमच्या घराचा जुना मालक सापडला तो भलत्याच ठिकाणी. 1909च्या अर्थसंकल्पात तेव्हाचा अर्थमंत्री लॉइड जॉर्ज याने जमिनीवर कर बसवायचं ठरवलं आणि त्यासाठी 1910मध्ये देशभरातल्या मालमत्तांचं मूल्यमापन सुरू झालं. त्या पाहणीच्या वह्या लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. एकाच पानावर मालक, राहणारा, भाडं, खोल्या, घराची अवस्था. आमच्या घराची मालकीण होती दुसऱ्या गावची एक विधवा. ही अख्खी ओळच तिची. राहणारा वेगळा, आठवड्याला 6 शिलिंग भाडं भरणारा. तिने या घरात एक रात्रही काढली असेल असं वाटत नाही.

त्या काळात इथली बहुतेक कुटुंबं भाड्यानेच राहायची. त्यामुळे मालक शोधत राहिलं तर घर सापडत नाही, हे तिथे लक्षात आलं. घर सापडतं जनगणनेत.

इथली जनगणना शंभर वर्षांनी खुली होते. 1911ची सगळ्यात हृद्य, कारण त्या वर्षीचे कुटुंबप्रमुखांनी स्वतः भरलेले फॉर्म जपून ठेवले आहेत. आमच्या घरातला माणूस बुटाच्या कारखान्यात क्लिकर होता, म्हणजे वरच्या भागाचं चामडं कापणारा. लेस्टर तेव्हा बूट आणि होझिअरीचं शहर. मोठ्या दोन मुली मोजे विणणाऱ्या कारखान्यात. पाच खोल्यांत सात माणसं. बायकोच्या व्यवसायाचा रकाना कोरा. पण तिच्या नावापुढे त्या वर्षी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आहेत: जन्मलेली मुलं 8, हयात 5, वारलेली 3. शाईतला तो तिनाचा आकडा त्या बापाच्या हातचा आहे. ती तिन्ही मुलं याच घरात गेली की आधीच्या, ते फॉर्म सांगत नाही. आमची मुलगी झोपते त्या खोलीत त्यानंतर बरेच दिवस मला त्यांची आठवण येत राहिली.

पुढची साखळी तुटकी आहे. 1931ची जनगणना 1942च्या आगीत जळाली, 1941ची युद्धामुळे झालीच नाही. मधे हाताशी राहते ती 29 सप्टेंबर 1939ला ओळखपत्रांसाठी केलेली नोंद. तीत आमच्या पत्त्यावर त्याच क्लिकरची धाकटी मुलगी आहे, आता लग्न झालेली. कारण 1915पासून इथे भाडेनियंत्रण आलं आणि नंतरच्या कायद्याने भाडेकरूच्या पश्चात सोबत राहणाऱ्या घरच्याला घर राखता येऊ लागलं. म्हणजे मालकी कधीच नाही, पण दोन पिढ्यांचा संसार इथे झाला. तिच्यापुढे सरकारी कारकुनाने लिहिलंय, ‘बिनपगारी घरकाम’. आईचा रकाना कोरा होता, निदान मुलीचा भरला!

नंतरचा मालक जिवंत माणसांच्या आठवणीतला. 1972मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना 90 दिवसांत युगांडाबाहेर काढलं. लेस्टरच्या नगरपालिकेने तर तिथल्या वर्तमानपत्रात ‘इकडे येऊ नका’ अशी जाहिरात दिली होती. तरी हजारो आले आणि त्यांनी हे शहर उभं केलं. त्यांतल्याच कंपालाच्या एका गुजराती कुटुंबाने हे घर विकत घेतलं. आमच्या माहितीप्रमाणे, इथे राहणारे ते पहिले मालक.

त्या घरातल्या बा आता दोन गल्ल्या सोडून लेकाकडे असतात. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी सांगितलं की घराचे हप्ते त्यांच्या होझिअरीतल्या रात्रपाळीच्या पगारातून फिटले. दस्तावर मात्र एकट्या नवऱ्याचं नाव. मी जनगणनेचा कागद दाखवला, आठ आणि तीनचे आकडे वाचून दाखवले. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला. मग पहिलं काय विचारलं असेल, तर आमच्या दस्तावर माझं नाव आहे का.

आहे. दोघांचंही आहे, आणि तसं ते असावं म्हणून मी आधीपासून अडून बसले होते.