आधी दाखव

परवा दुपारी जेवणं आटपून टेबलाशी बसले होते आणि विजेचं बिल भरत होते. भरत होते म्हणजे ओटीपीची वाट बघत होते. सोसायटीत सामसूम, खाली पोरांचा दंगाही नव्हता. तेवढ्यात डाव्या घोट्याच्या हाडावर काहीतरी चावलं. हात आपसूक खाली गेला, पण नखं टेकायच्या आत थांबला. पाय खुर्चीवर घेतला, चष्मा काढला (जवळचं मला हल्ली चष्मा काढूनच दिसतं) आणि बघत राहिले. चार आण्याएवढी गांध उठत होती. मऊ, फिकट, कडेला पसरत जाणारी.

"खाजव की. बघतेस काय?" नवरा सोफ्यावरून म्हणाला.

त्याच्या घरी चावलं की खाजवतात. आमच्याकडे आधी चौकशी होते.

ही चौकशी आजीची. संगमेश्वरजवळच्या आमच्या घरात मे महिन्यात आम्ही नऊ-दहा नातवंडं असायचो आणि दिवसभरात कुणाला ना कुणाला काही ना काही चावायचंच. रडत स्वयंपाकघरात गेलं की आजी हातातली पळी न ठेवता म्हणायची, "खाजवू नको गो. आधी दाखव." मग उजेडात, म्हणजे मागच्या दारात, नेऊन प्रश्न. कुठे बसला होतास? केव्हा चावलं? एकच आहे का ओळीनं? "कोण चावलं" हे ती कधीच विचारायची नाही. ते सांगायचा मान तिचा.

पिसवा म्हणजे गुडघ्याच्या खाली, बारीक पुटकुळ्या, आणि पोर नक्की गोठ्यात जाऊन आलेलं. आंब्यावरच्या तांबड्या मुंग्या, पानं शिवून घरटं करतात त्या, चावल्या की खाजेपेक्षा आग जास्त. आणि त्या एकीवर थांबत नाहीत, म्हणून असा गुन्हेगार पोराच्या बनियनमध्ये जिवंत सापडायचाच. मधमाशी काटा सोडून जाते, गांधीलमाशी जात नाही. काटा असेल तर आजी तो चिमटीत धरायची नाही, नखानं खरवडून उडवायची. चिमटीत दाबला तर उरलंसुरलं विषही आत जातं असं ती म्हणायची, हे तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. त्यावर पुढे चुना लावायचा की दाराची कडी घासायची यावर मात्र आजी आणि आत्या यांचं कधी जमलं नाही.

आणि सकाळी उठल्यावर दंडावर ओळीनं तीन-चार गांधी दिसल्या की आजी पोराचा हात सोडून द्यायची आणि कपाळाला हात लावायची. "ही पंगत आहे. मुंबईची पाव्हणी आली."

ढेकूण. चाकरमान्यांनी मुंबईहून आणायच्या वस्तूंत बिस्किटं, टॉर्चचे सेल आणि ढेकूण हे ठरलेलेच. वळकटीतून यायचे. काका दरवर्षी शपथेवर नाकारायचा, आमच्या चाळीत ढेकूणच नाहीत म्हणायचा. "ढेकणाच्या संगे हिरा भंगला," आजी म्हणायची. ती हिरा कुणाला म्हणत होती, पलंगाला की काकाला, हे मला अजून उलगडलेलं नाही.

मग दुसऱ्या दिवशी दुपारी पलंग अंगणात. मला त्या दुपारी फार आवडायच्या, आता सांगायला लाज वाटते. शिसवी पलंगाचे चारी पाय निखळवायचे, गाद्या उन्हात उलट्या घालायच्या, आणि आजोबा तपेल्यातलं उकळतं पाणी किटलीनं प्रत्येक भोकात, प्रत्येक सांध्यात ओतायचे. आम्ही उकिडवे बसून वाट बघायचो. एक क्षण काहीच नाही, मग फटीतून ओली, तपकिरी रांग लगबगीनं बाहेर. उपाशी ढेकूण मसुरीच्या टरफलासारखा चपटा असतो, इतका की कागदाच्या घडीतही मावेल. जेवलेला टम्म, काळपट लाल. खडीवर टिपायचा मान मोठ्या भावंडांचा, आम्हाला फक्त गादीच्या शिवणी तपासायचं काम. तिथे काळे ठिपके दिसले की ओरडायचं. आणि तो वास! ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, ज्याला माहीत नाही त्याला सांगून उपयोग नाही. कोथिंबिरीच्या इंग्रजी नावाचं मूळ ढेकणाच्या ग्रीक नावात आहे असं सांगणारे लोक आहेत. मी हे एकदा जेवताना बोलले, तेव्हापासून मुलगी पोह्यांवरची कोथिंबीर वेचून काढते.

आजोबा सांगायचे, पूर्वी मलेरियावाले यायचे. पाठीवर पंप, घरभर डीडीटी मारायचे आणि जाताना भिंतीवर गेरूनं तारीख लिहायचे. पहिली काही वर्षं डास मेलेच, वर ढेकूणही मेले, गावाला वाटलं सुटलो. मग ढेकूण सरावले. फवारलेल्या भिंतीवर आरामात चालायला लागले. आजोबा हे सांगताना त्यांच्या आवाजात कुठेतरी कौतुक असायचं. जेवणाशिवाय महिनोन्महिने फटीत पडून राहणाऱ्या प्राण्याबद्दल मलाही ते थोडं वाटतं. उकळत्या पाण्याला मात्र कोणी सरावलेलं नाही.

आजीचा एकच निकाल नंतर माझ्याकडून फिरवला गेला. पावसाळ्यात कधीकधी मानेवर किंवा गालावर सकाळी भाजल्यासारखा लाल पट्टा उठतो, त्याला ती म्हणायची "कोळी मुतला." मीही अर्धं आयुष्य तेच म्हणत आले आणि निरपराध कोळ्यांना झाडूनं हाकलत आले. तो कोळी नसतोच. मुंगीसारखा लांबट, काळा-नारिंगी एक किडा ट्यूबलाइटच्या उजेडाला येतो. तो चावत नाही, डंखही मारत नाही. आपणच झोपेत त्याला कातडीवर चिरडतो, त्याच्या अंगातल्या रसानं कातडी भाजते आणि ते कळतं दुसऱ्या दिवशी. म्हणून मानेवर काही वळवळलं तर चापट मारायची नाही, फुंकर मारायची आणि ती जागा साबणानं धुवायची. हे मी घरात इतक्यांदा सांगितलंय की आता कुणी ऐकत नाही. मानेवर हात मारून झाल्यावर माझ्याकडे बघतात.

तर घोटा. दुपार, टेबलाखाली, कानाशी गुणगुण नाही, एकच गांध. आजीच्या कोर्टात हे प्रकरण दोन मिनिटांत निकाली निघालं असतं. पट्टेवाला. पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस जातीचा डास. हा रात्रीचा नाही, दिवसाउजेडी येतो, आणि कानाशी न घोटाळता खाली पायाशी काम उरकतो. येतो कसला, येते. चावते ती मादीच, अंड्यांसाठी तिला रक्त लागतं. मराठीत डासाला स्त्रीलिंग नाही, ही भाषेनं आमच्यावर केलेली मेहेरबानीच म्हणायची.

डास चावल्याचा मोबदला मिळालेला एकच माणूस मला माहीत आहे. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस हा डॉक्टर हिवतापाच्या मागे लागला होता, तेव्हा हुसेन खान नावाच्या रुग्णानं त्याच्यासाठी डास चावून घेतले. डासामागे एक आणा. त्याच डासांतल्या एकाच्या पोटात २० ऑगस्टला रॉसला हवा तो हिवतापाचा जंतू सापडला, १९०२ साली नोबेल मिळालं. आण्याच्या दरानं माझं आत्तापर्यंतचं येणं काढलं तर विजेचं बिल सहज भरून निघेल.

"डेंगीवाला डास आहे," मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग खाजव आता." ओटीपी आला.

दुसऱ्या दिवशी पालिकेच्या आरोग्यसेविका आल्या. हातात बॅटरी, काखेत रजिस्टर. मी त्यांना उत्साहानं घोटा दाखवला आणि माझा तपासही सांगितला. त्यांनी घोट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फ्रिजच्या मागचा ट्रे ओढून बघितला, गॅलरीत कुंड्यांखालच्या बशा बघितल्या. मग पुस्तकांच्या कपाटापाशी थांबल्या.

"ताई, इकडे या."

वरच्या कप्प्यात हिरव्या बाटलीतला माझा मनीप्लांट. त्यांनी बॅटरी मागून धरली. पाण्यात, मुळांच्या मधे, स्वल्पविरामासारखी दहा-बारा पोरं डोकं खाली, शेपूट वर करून लटकलेली. बाटलीवर टिचकी मारली तशी सगळी वळवळत तळाला गेली आणि एकेक करत पुन्हा वर आली.

"मी रोज बघते हो पाणी. कमी झालं की वरून घालते."

"बघता. बदलता का?"

बाटली त्यांनी गॅलरीतल्या तापलेल्या फरशीवर ओतली. "आतून घासून धुवा. अंडी काचेला चिकटतात, कोरडी पडली तरी मरत नाहीत. दर आठवड्याला, वार ठरवून. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवसच लागतात." मग रजिस्टर उघडलं. "घरात कोणाला ताप? नाही ना? फार लांब उडत नाहीत हे, या बिल्डिंगमधून त्या बिल्डिंगमध्ये. समोरच्या विंगमधले दोघं ॲडमिट आहेत. एक पाचवीतला मुलगा आहे." जाताना दारावर खडूनं तारीख लिहिली.

फरशीवरची ओल आक्रसत गेली. त्यातलं वळवळणं थांबेपर्यंत मी बाटली हातात घेऊन उभी होते.

समोरच्या विंगमध्ये पाचवीतला एकच मुलगा आहे. रोज संध्याकाळी त्याचा बॉल आमच्या गॅलरीत येतो आणि मी ओरडते. चार दिवस बॉल आला नव्हता, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.